अमेरिकेला जाताना इंडियन एडिशनची पुस्तकं नेऊन तिकडे विकली तर?

बॅगेत_जागा_नाही

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

ऑगस्टमध्ये एमएसला चाललोय, मेकॅनिकल. दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. त्यातली एक आईने केव्हाच ताब्यात घेतलीये (कुकर, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि का कोण जाणे पण पोळपाट). दुसऱ्या बॅगेवरून घरात वाजलंय, त्यासाठीच हा धागा.

झालं असं की तिकडच्या सिनियर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सहज विचारलं काय काय आणू, तर एकाने दोन पुस्तकांची नावं टाकली आणि म्हणाला इंडियन एडिशन आण, जमतील तेवढ्या कॉप्या आण. त्यातलं एक मी परवा अप्पा बळवंत चौकातून घासाघीस करून साडेआठशेला घेतलं. तेच पुस्तक, तोच लेखक, तीच आवृत्ती तिकडे नवी घ्यायची तर दोनशे डॉलरच्या वर. सिनियरचं गणित असं की साठ डॉलरला एक लावली तर दहा कॉप्या पहिल्या आठवड्यात उडतात, तुझं एका महिन्याचं भाडं सुटलं.

मी खूश. पण बाबांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं (बँकेत होते, छापलेलं सगळं वाचायची सवय आहे) आणि मागच्या कव्हरवर बारीक अक्षरात जे लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवलं. ही आवृत्ती फक्त भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतानमध्ये विक्रीसाठी, या प्रदेशाबाहेर नेणं अनधिकृत. वर होलोग्राम. बाबा म्हणाले, हे स्मगलिंग झालं. मामा बसला होता, तो म्हणाला पैसे मोजून घेतलंय ना त्याने, मग त्याचं झालं, वाचू दे, रद्दीत घालू दे नाहीतर बोस्टनला विकू दे.

कायद्यात बसतं का हे तर हवंच आहे पण खरं सांगायचं तर मला जास्त खटकतंय ते दुसरंच. समजा कायदा काही म्हणत नाही, तरी हे बरोबर आहे का? आपल्याला गरीब समजून कोणीतरी स्वस्तात दिलेली वस्तू त्याच्याच बाजारात नेऊन त्यालाच पाडायचं, असं काहीतरी वाटतंय. की मी उगाच भावुक होतोय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

फिर्यादी

अहो हा तुमचाच प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जाऊन आलाय, जवळजवळ शब्दशः.

सुपाप किर्तसेंग नावाचा थायलंडचा मुलगा. १९९७ मध्ये थाई सरकारच्या स्कॉलरशिपवर कॉर्नेलला गणित शिकायला गेला, पुढे कॅलिफोर्नियात पीएचडी केली. त्याच्या लक्षात आलं की वायली या अमेरिकन प्रकाशन कंपनीची तीच इंग्रजी पुस्तकं, कंपनीच्या आशियातल्या शाखेने काढलेली, थायलंडमध्ये कितीतरी स्वस्त मिळतात. घरच्यांना आणि मित्रांना सांगितलं दुकानातून घ्या आणि मला पाठवा, तो ती ईबेवर विकायचा, घरच्यांचे पैसे परत करायचा, उरलेला नफा स्वतःला. पायरसी नाही, झेरॉक्स नाही, प्रत्येक कॉपी दुकानात पूर्ण पैसे देऊन घेतलेली. त्या पुस्तकांवरही तुमच्या बाबांनी वाचलं तसलंच काहीतरी छापलेलं होतं.

वायलीने २००८ मध्ये केस टाकली. ज्युरीने आठ पुस्तकांचे प्रत्येकी ७५ हजार, म्हणजे ६ लाख डॉलर दंड लावला. अपिलातही तो हरला. मग मार्च २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी उलटा निकाल दिला.

मुद्दा होता 'पहिल्या विक्री'चा. कॉपीराइट असलेल्या वस्तूची एक कॉपी मालकाने एकदा विकली की त्या कॉपीच्या पुढच्या प्रवासावर त्याचा हक्क संपतो. म्हणून तर रद्दीवाला, जुन्या पुस्तकांची दुकानं आणि लायब्ररी चालतात. वायलीचं म्हणणं, हे फक्त अमेरिकेत बनलेल्या कॉप्यांना लागू. न्यायमूर्ती ब्रायर यांनी बहुमताच्या निकालात म्हटलं की कायद्यात अशी भौगोलिक अट कुठेही दिसत नाही, आणि ती मानली तर काय होईल ते बघा. तिथल्या लायब्ररी संघटनेने कोर्टाला सांगितलं होतं की परदेशात प्रकाशित झालेली किमान २० कोटी पुस्तकं त्यांच्या कपाटांत आहेत, मग एकेका पुस्तकाची परवानगी घेत बसायचं का? विरोधात न्यायमूर्ती गिन्सबर्ग होत्या. त्यांचं मत असं की परदेशातल्या स्वस्त कॉप्या परवानगीशिवाय आत येऊ नयेत हाच तर संसदेचा हेतू होता आणि बहुमताने तो पुसूनच टाकला.

याच्या आधीच्या दोन केसेस सांगायचा मोह आवरत नाही. १९९८ मध्ये एका शॅम्पू कंपनीने माल्टाला स्वस्तात पाठवलेला माल फिरून अमेरिकेतच आला, तर तो अडवायला कंपनी म्हणाली बाटलीवरच्या लेबलवर आमचा कॉपीराइट आहे! हरली. आणि ओमेगा या घड्याळ कंपनीने घड्याळाच्या पाठीवर पृथ्वीगोलाचं बारीक चित्र कोरून त्याचा कॉपीराइट घेतला, का, तर कॉस्टको या अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळीने बाहेरून आणलेली स्वस्त घड्याळं विकू नयेत म्हणून. २०१० मध्ये त्यात कोर्टाची मतं चार-चार पडली आणि प्रश्न लोंबकळत राहिला, तो किर्तसेंगमध्ये सुटला. घड्याळ विकत घेणाऱ्यातल्या किती जणांनी ते उलटं करून चित्र बघितलं असेल देव जाणे.

आता आपल्याकडचं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये वायलीच्याच केसमध्ये अंतरिम आदेशात असं धरलं की फक्त ठरावीक देशांसाठी काढलेल्या स्वस्त आवृत्त्या भारतातून बाहेर पाठवून विकणं हे उल्लंघन आहे. तिथे प्रतिवादी ऑनलाइन ऑर्डर घेऊन परदेशी पाठवणारे व्यापारी होते, विद्यार्थी नव्हे. म्हणजे गंमत अशी की तिकडे उतरवून घ्यायला हरकत नाही पण इकडून धंदा म्हणून चढवायला आहे.

स्वतःच्या सामानात स्वतःच्या वापरासाठी पुस्तकं नेण्याला अमेरिकेच्या कायद्यात किर्तसेंगच्या आधीपासूनच सूट आहे. तेव्हा बाबांना सांगा, स्मगलिंग हा शब्द मागे घ्या. दहा कॉप्यांचं मात्र दोन्ही टोकांनी बघावं लागेल.

---

गावगप्पा

वेरूळला आपल्याला तिकीट ४० रुपये, गोऱ्याला ६००. लेणी तीच, कैलासही तोच, आणि पाय तितकेच दुखतात. तेव्हा कोणाला नैतिक प्रश्न पडत नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

बेंचवरचा

@गावगप्पा, पण ते ४० चं तिकीट आपण गेटबाहेर उभं राहून गोऱ्याला २०० ला विकू शकत नाही, पुस्तक विकू शकतो, सगळा घोळ तिथेच आहे.

धागाकर्त्याला माझं उत्तर: बिनधास्त विक. मी आयटीत १४ वर्षं आहे, हिंजवडीत बसून ज्या क्लायंटचं काम करतो तो अमेरिकेतला, त्याला बिलिंग डॉलरमध्ये, मला पगार पुण्याच्या रेटने. कामाचा दर्जा तोच, डेडलाइन तीच, रात्रीचे कॉल माझ्याच नशिबी. याला काय म्हणतात, जागतिकीकरण म्हणतात, यावर कंपन्यांच्या एकाही साहेबाला रात्री झोप न लागल्याचं मी ऐकलेलं नाही. जिथे माणूस स्वस्त तिथून माणूस घ्यायचा आणि जिथे गिऱ्हाईक श्रीमंत तिथे माल विकायचा, हे त्यांनी केलं की धोरण, आणि एखाद्या पोराने जिथे पुस्तक स्वस्त तिथून घेतलं आणि महाग तिथे विकलं की लगेच कव्हरवर धमकी आणि नीतिमत्ता. पुस्तकाचं टाइपसेटिंग चेन्नईत करून घेताना 'या प्रदेशाबाहेर नेणं अनधिकृत' असं कुठे लिहिलेलं असतं का?

बाजार उघडा तर दोन्ही बाजूंनी उघडा. एकाच बाजूने उघडतो त्याला बाजार नाही, उंदराचा पिंजरा म्हणतात.

---

खिळेजुळारी

मी या धंद्यात २२ वर्षं काढलीत (टेक्स्टबुकच, आधी मुंबई, आता पुणे), तेव्हा आतलं थोडं सांगतो. बेंचवरचा यांचा राग मला कळतो आणि अर्धा पटतोही, आमच्याच धंद्याची पाठराखण करायला आलोय असं समजू नका.

आधी एक गैरसमज काढून टाका. धागाकर्ता म्हणतो 'गरीब समजून स्वस्तात दिलं'. तसं काही नसतं हो, दानधर्म नाहीये हा. पुस्तकाचा खरा खर्च पहिल्या कॉपीत असतो, म्हणजे लेखक, तपासणारे प्राध्यापक, आकृत्या, संपादन, तो सगळा अमेरिकेतल्या विक्रीतून काढायचा हे गृहीत धरलेलं असतं. त्यानंतर पुण्यात विकल्या जाणाऱ्या कॉपीला कागद, छपाई, बाइंडिंग आणि दुकानदाराचं कमिशन एवढंच लागतं, त्याच्या वर जे मिळेल ते कमाई. दोनशे डॉलर किंमत लावली असती तर इथे एक कॉपी खपली नसती आणि कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याचं भलं झालं असतं. म्हणून साडेआठशे.

पूर्वी यात खरोखर सरकारी पैसा होता. ज्यांच्या वडिलांच्या कपाटात ईएलबीएसचा शिक्का असलेली मेडिकलची किंवा इंजिनिअरिंगची पुस्तकं आहेत त्यांना आठवेल, त्या स्वस्त आवृत्त्यांमागे ब्रिटिश सरकारची मदत होती. अमेरिकेचीही पीएल ४८० च्या (आपण त्यांच्याकडून रुपयात घेतलेल्या धान्याच्या) पैशातून तशी योजना होती. ते दिवस गेले, आता निव्वळ प्रकाशकाचा हिशोब.

मग भिंत कशासाठी? तर हा हिशोब फक्त भिंत असेपर्यंतच जुळतो. इथली कॉपी तिकडे गेली की तिकडची एक दोनशे डॉलरची विक्री बुडाली आणि हातात आले साडेआठशेतून उरलेले चार पैसे. लेखकाचंही तेच. माझ्या हाताखालून गेलेल्या करारांत स्वस्त आवृत्तीवर लेखकाला प्रकाशकाच्या हाती आलेल्या रकमेवर टक्केवारी असायची, म्हणजे एका कॉपीमागे वडापावचे पैसे सुटले तर सुटले. कोणी एक कॉपी नेली तर काही होत नाही, अहो दरवर्षी हजारो पोरं नेतात, कंपन्यांनाही ठाऊक आहे. पण रिकामा टेम्पो आणून दुकानातून एकाच पुस्तकाच्या दीडशे कॉप्या उचलणारे लोकही मी बघितलेत, पुढे त्या कुठे जायच्या ते सगळ्यांना माहीत असायचं, कोणी विचारायचं नाही.

आणि ही भिंत उलट्या बाजूनेही आहे बरं का. २०१० च्या कॉपीराइट दुरुस्ती विधेयकात एक तरतूद होती की परदेशात लेखकाच्या परवानगीने निघालेलं पुस्तक भारतात आणणं उल्लंघन मानू नये. विद्यार्थ्यांच्या आणि लायब्ररीच्या बाजूने बोलणाऱ्यांना ती हवी होती. इथल्या प्रकाशकांनी रान उठवलं, की परदेशातली न खपलेली, कवडीमोलाने काढलेली पुस्तकं इथे ओतली जातील आणि आमच्या आवृत्त्या मरतील. २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ती तरतूद गळालेली होती. तेव्हा आम्ही ऑफिसात पेढे वाटले होते, आज विचारलंत तर सांगेन की त्या पेढ्याची चव आता तितकी गोड आठवत नाही. जे पुस्तक इथे निघालेलंच नाही ते वाचकाने डॉलरच्याच भावात का घ्यायचं, याचं उत्तर आमच्याकडे तेव्हाही नव्हतं.

---

नाना_ओहायो

खिळेजुळारी, सविस्तर प्रतिसाद आवडला. आता गिऱ्हाइकाच्या बाजूने ऐका, मी २००४ ला आलो तेव्हा अशीच सात पुस्तकं आणली होती.

पहिल्याच आठवड्यात प्रोफेसरने होमवर्क दिला, धडा चौथा, गणित १७. मी इमाने इतबारे रात्रभर बसून सोडवलं. झोक्याचं गणित होतं. वर्गात बाकी सगळ्यांनी उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं सोडवलेलं. शून्य मार्क. तेव्हा कळलं की आवृत्ती तीच, धडे तेच, पण गणितांचे क्रमांक मुद्दाम फिरवलेले, काही तर अख्खी बदललेली. मग दर गुरुवारी लायब्ररीत जाऊन रिझर्व्हमधली अमेरिकन कॉपी दोन तासांसाठी घ्यायची आणि आपल्या पुस्तकात पेन्सिलीने त्यांचा क्रमांक लिहायचा, हा माझा सेमिस्टरभर उद्योग. ते पुस्तक अजून आहे माझ्याकडे, समासात सगळीकडे बाण.

दुसरी गंमत, आकृत्या. मूळ पुस्तक रंगीत, आपलं काळंपांढरं. मजकूर मात्र तसाच ठेवलेला. 'आकृती ५.९ मधली लाल रेष बघा.' बघितली. पाच रेषा होत्या, पाचही राखाडी.

आता धागाकर्त्याला कामाचं सांगतो. तू एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणार. स्वतःचं वापरलेलं पुस्तक सेमिस्टर संपल्यावर विकणं वेगळं, ते सगळेच करतात. दहा नव्याकोऱ्या कॉप्या आणून नफ्यावर विकायच्या, आणि हे दरवर्षी, याला धंदा म्हणतात, आणि एफ-१ वर परवानगीशिवाय काम हा विषय लोक समजतात त्यापेक्षा फार नाजूक आहे. भाड्याच्या एका महिन्यासाठी व्हिसा पणाला लावू नकोस रे बाबा. त्यातल्या कॉपीराइटची काळजी फिर्यादी करतील, तू डीएसओ नावाच्या माणसाची (विद्यापीठातला, विद्यार्थी व्हिसाच्या नोंदी बघणारा) कर.

आणि तो सिनियर म्हणतोय तसं आता खपतही नाही. किर्तसेंगच्या निकालानंतर कंपन्या रडत बसल्या नाहीत, रस्ता बदलला. आता पुस्तकाबरोबर एक कोड येतो, होमवर्क त्यांच्या वेबसाइटवरच भरायचा, कोड एकदा वापरला की संपला. कागदाचं पुस्तक फुकट आणलंस तरी कोड विकत घ्यावाच लागतो. एका मोठ्या कंपनीने २०१९ मध्ये सांगूनच टाकलं की यापुढे आधी डिजिटल, कागद नंतर. 'पहिली विक्री' लागायला आधी विक्री तर व्हायला पाहिजे, हे लोक आता विकतच नाहीत, चार महिने वाचायला देतात. माझी मुलगी आता कॉलेजात आहे, तिच्या सेमिस्टरअखेर कपाटात काहीच उरत नाही.

---

लॅग_आला

गेमवाल्यांनी हे सगळं भोगून झालंय काका लोक. स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) प्रत्येक देशाला वेगळी किंमत असते, आपल्याला रुपयात बऱ्यापैकी स्वस्त पडतं. पण अर्जेंटिना आणि तुर्कस्तानमध्ये त्याहून स्वस्त होतं, तर जगभरची पब्लिक व्हीपीएन लावून (म्हणजे आपला देश लपवून) अर्जेंटिनाची अकाउंटं काढून बसली, मी पण एक काढलं होतं, खोटं कशाला बोलू. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने दोन्ही देशांची स्थानिक चलनं बंद करून डॉलर केले. तिकडचे खरे गेमर रडकुंडीला आले, एका रात्रीत किमती कित्येक पट. म्हणजे फुकटेगिरी केली आपण आणि बिल भरलं ब्यूनोस आयर्सच्या पोराने. तेव्हापासून मला हे विकणं वगैरे नको वाटतं.

---

फिर्यादी

@लॅग_आला, भावना पोचल्या पण स्टीमने अधिकृतपणे दिलेलं कारण चलनाच्या घसरणीचं होतं, पेसो आणि लिराचा भाव रोज बदलत होता. व्हीपीएनवाल्यांनी आगीत तेल ओतलं असेल, आग त्यांनीच लावली असं म्हणता येणार नाही. आणि उलट उदाहरणही आहे. जानेवारी २०२१ मध्ये युरोपियन कमिशनने स्टीमची मालक व्हॉल्व आणि पाच गेम कंपन्यांना मिळून ७८ लाख युरो दंड ठोकला, कारण त्यांनी पूर्व युरोपातल्या काही देशांत स्वस्तात विकलेले गेम चालू करायचे कोड पश्चिमेत चालू नयेत अशी सोय केली होती. युरोप एक बाजार म्हणता ना, मग आत भिंती घालायच्या नाहीत, असं त्यांचं धोरण. म्हणजे भिंत पवित्र आहे असं कोणीच मानत नाही, कुठे असावी एवढंच भांडण.

---

खडूफळा

उशिरा आले. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, विदर्भात, गावाचं नाव राहू दे.

वर सगळे प्रकाशक विरुद्ध अमेरिकेला जाणारा मुलगा असं बोलताय. यात माझा सेकंड इयरचा मुलगा कुठे आहे? तो अमेरिकेला जाणार नाही, पुण्यालासुद्धा कॅम्पस लागला तरच जाईल. त्याला ते पुस्तक इंडियन एडिशनमध्येच परवडतं, तेही वर्गात तिघं मिळून एक घेतात आणि बाकीचे गाइडवर भागवतात. मी नोकरीला लागले तेव्हा हेच पुस्तक पावणेचारशेला होतं, आता सूट धरून साडेआठशे म्हणताय. पुस्तकं बाहेर जातात म्हणूनच वाढलं असं मी म्हणणार नाही, कागद वाढला, रुपया पडला, पण नाना म्हणतात ते क्रमांक फिरवणं आणि आकृत्या काळ्या करणं हे कोणासाठी केलंय सांगा. तिकडे नेणाऱ्यांना अडवायलाच ना? आणि भोगतं कोण? नानांनी लायब्ररीत जाऊन क्रमांक जुळवून घेतले. माझ्या मुलांनी ती लाल रेष कधी बघितलीच नाही, मला फळ्यावर रंगीत खडूने काढावी लागते. जाणूनबुजून थोडं वाईट केलेलं पुस्तक मिळतं आम्हाला, आणि ते वाईट यासाठी की कोणा दुसऱ्याला ते चोरून न्यावंसं वाटू नये.

याचा राग मी कोणावर काढू तेच कळत नाही. बेंचवरचा म्हणतात तसा कंपनीवर काढायला हवा, आणि काढतेही. तिकडे दोनशे डॉलर का होतात, तर पुस्तक ठरवतो प्रोफेसर आणि पैसे भरतो विद्यार्थी, ठरवणाऱ्याच्या खिशाला झळ नाही. अमेरिकेच्याच सरकारी आकड्यांत २००६ ते २०१६ या दहा वर्षांत कॉलेजच्या पुस्तकांच्या किमती ८८ टक्क्यांनी वाढल्यात. हा त्यांचा घरचा प्रश्न, तो त्यांनी सोडवावा, माझ्या मुलांच्या पुस्तकाला भोकं पाडून नव्हे. पण म्हणून दहा कॉप्या नेऊन विकणारा मुलगा काही क्रांती करत नाहीये. साठ डॉलरला विकतो तेव्हा तो तिकडच्या मुलाचे दीडशे वाचवतो हे खरं, स्वतः चार हजार रुपये एका कॉपीमागे कमावतो हेही खरं, आणि ते चार हजार ज्या फरकातून येतात तो फरक आमच्या गरिबीचा आहे. तिचा दलाल झाल्यासारखं वाटत असेल, तर तू भावुक नाहीयेस बाळा, तुला बरोबर टोचलंय.

स्वतःसाठी ने. मैत्रिणीसाठी, रूममेटसाठी आण, आणलेल्या किमतीला दे. झेरॉक्स काढायचं असेल तर तेही काढ, दिल्ली विद्यापीठाच्या कोर्स पॅकच्या (पुस्तकांतल्या निवडक भागांचे झेरॉक्स गठ्ठे) केसमध्ये २०१६ ला दिल्ली हायकोर्टाने शिक्षणासाठीच्या झेरॉक्सला चांगली मोकळीक दिलेली आहे, फिर्यादी जास्त सांगतील.

---

बेंचवरचा

खडूफळा ताई, 'गरिबीचा दलाल' लागलं थोडं, कारण मग मी रोज काय करतो? माझी कंपनीही त्या फरकावरच चालते, आणि माझ्या फ्लॅटचा हप्ताही. उत्तर नाहीये माझ्याकडे. तरी त्या पोराने पैसे कमावू नयेत आणि कंपनीने कमवावेत हे माझ्या गळी उतरत नाही ते नाहीच. बाकी लाल रेषेचं वाचून वाईट वाटलं, खरंच.

---

खिळेजुळारी

ताई, कबुली देतो. 'आकृती काळीपांढरी करताना मजकुरातले रंगांचे उल्लेख बदला' असं मी तीनदा नोट लिहून दिलं होतं एका पुस्तकाला. उत्तर आलं की मूळ मजकुराला हात लावायची परवानगी करारात नाही. गणितांचे क्रमांक फिरवायची मात्र होती.

---

बॅगेत_जागा_नाही

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. बाबांना फिर्यादींचा प्रतिसाद वाचून दाखवला, स्मगलिंग मागे घेतलंय, 'अनियमितता' वर आलेत.

काल परत चौकात गेलो. दुकानदाराला सहज म्हटलं तिकडे घेऊन चाललोय, तर तो म्हणाला किती हव्यात, दहाच्या वर घेतल्या तर अजून पाच टक्के देतो, स्टिकर काढून देऊ का? त्याच्या हातात आधीच ब्लेड होतं हो. ते बघून का कोण जाणे माझा मूडच गेला. नेतोय ती तीनच, माझी एक आणि रूममेटने सांगितलेली दोन, त्याच्याकडून साडेआठशेच घेणार आहे. सिनियरला नाही म्हटलं तर त्याने ग्रुपवर हसणारी स्मायली टाकली आणि दुसऱ्या एका मुलाला विचारलं, तो आणतोय म्हणे बारा.

खडूफळा ताई, घरी येऊन आकृती ५.९ उघडून बघितली. पाच रेषा आहेत, सगळ्या राखाडी. लाल कोणती ते सांगाल का?

आणि बॅग २३.४ किलो भरलीये. आई पोळपाट काढायला तयार नाही.

---

खडूफळा

वरून दुसरी. तुटक आहे ती निळी.

---

नाना_ओहायो

पोळपाट अजिबात काढू नकोस. इकडे इंडियन स्टोअरमध्ये पंचवीस डॉलरला मिळतो आणि डुगडुगतो. जमले तर दोन आण, एक मला.